रिव्हॉल्व्हरसाठी कर्ज हवे!

आमच्या पतपेढीत येणाऱ्या कर्जाच्या अर्जांची कारणे ठरलेली असतात. मुलीचे लग्न, मुलाची फी, घराचे पत्रे, शिलाई मशीन, आणि 'किरकोळ घरखर्च'. या शेवटच्या कारणाखाली काय काय दडलेले असते, ते चिटणीस या नात्याने आम्ही पुरते जाणून आहोत. परंतु २०२४ च्या ऑक्टोबरमध्ये आलेल्या एका अर्जावर 'कर्जाचे कारण' या रकान्यात स्वच्छ अक्षरात लिहिले होते : 'रिव्हॉल्व्हर खरेदी'. रक्कम रुपये दीड लाख. जामीनदार दोन.

रविवारच्या सभेत आम्ही अर्ज वाचून दाखवला, तेव्हा क्षणभर कोणी बोलेना. मग अध्यक्ष म्हणाले, "हप्ता थकला तर वसुलीला कोण जाणार ते आधी ठरवा." सभेत हशा पिकला. अर्जदार मात्र हसला नाही. तो समोरच्या बाकावर दोन्ही हात मांडीवर ठेवून बसला होता आणि उजव्या हाताचे मधले बोट डाव्या हाताने सारखे चोळत होता.

हा तरुण आमच्याच वस्तीतला. वडिलांनी खडकीच्या डेपोत ओझी उचलली, पोराने मैदानावर धावून पोलीस भरती काढली. घरात बायको, दोन लेकरे, आई. ऑगस्ट २०२४ मध्ये पॅरिस ऑलिंपिकमध्ये स्वप्नील कुसाळेने ५० मीटर रायफल प्रकारात कांस्यपदक मिळवले. कोल्हापूरकडच्या कांबळवाडीचा मुलगा, नोकरी रेल्वेत तिकीट तपासनिसाची, सराव पुण्यात बालेवाडीला. त्या महिन्यात पुण्याच्या वस्त्यावस्त्यांतून किती आईबापांनी नेमबाजीची चौकशी केली असेल ते विचारू नका. आमच्या अर्जदारालाही तेव्हापासून चैन नव्हती. तो रायफलवाला नव्हे, रिव्हॉल्व्हरवाला. त्याच्या दलातल्या नेमबाजी संघाची निवड जानेवारीत व्हायची होती. सराव दलातल्याच .३८ रिव्हॉल्व्हरवर चाले. पहिल्या महिन्यात तीस गोळ्यांत तीनशेपैकी दोनशे अठ्ठेचाळीस गुण झाले. दुसऱ्या महिन्यात दोनशे एकतीस. सराव वाढला आणि गुण घटले. हात दुखू लागला तो वेगळाच.

"साहेब, ते हत्यार जड आहे आणि मोठ्या मापाचं आहे. धक्का सोसत नाही," तो म्हणाला. "स्वतःचं हलकं, सोयीचं घेतलं की हात बसेल. कानपूरचं .३२ मिळतं. पाचशे ग्रॅमचंसुद्धा निघालंय."

आम्ही बी.कॉम. झालेले कारकून. आमचा आणि रिव्हॉल्व्हरचा संबंध पिठाच्या गिरणीच्या पट्ट्याशी असतो तेवढाच. दुरून पाहावे आणि हात लावू नये. तरीही कर्ज द्यायचे तर वस्तू कामाची आहे की नाही हे पाहणे आमचे काम. म्हणून निर्णय पंधरा दिवस पुढे ढकलला आणि चौकशी आमच्याकडे घेतली.

सभेहून निघताना त्याची बायको दारात भेटली. ती आत आली नव्हती. म्हणाली, "दादा, दहा बाय बाराची खोली आहे. वरच्या फळीवर पापडाचा डबा ठेवला तरी धाकटा स्टुलावर चढून काढतो. हे कुठं ठेवायचं?" आम्ही 'बघू' म्हणालो. दुसरे काय म्हणणार?

वस्तीत एक काका आहेत. खडकीच्या अम्युनिशन फॅक्टरीत त्यांनी उभी हयात काढली. हा कारखाना १८६९ सालचा. तिथल्या काडतुसांच्या बुडावर 'केएफ' अशी अक्षरे असतात. खडकीला इंग्रज लोक 'किर्की' म्हणत, त्यातला हा 'के'. देशात कुठे परवान्याचे .३२ रिव्हॉल्व्हर झाडले जाते तेव्हा त्यातले काडतूस पुष्कळदा आपल्या खडकीचे असते, ही गोष्ट खडकीतल्या पोरांनाही ठाऊक नसते. २०२१ मध्ये सरकारी आयुध कारखान्यांचे मंडळ मोडून सात कंपन्या केल्या. तेव्हापासून हा कारखाना म्युनिशन्स इंडिया या कंपनीकडे आहे. काका त्याच्या आधीच निवृत्त झाले. ते चाचणी विभागात होते. माल बाहेर जाण्यापूर्वी त्यातली थोडी काडतुसे झाडून बघणे, हेच रोजचे काम.

आम्ही अर्जदाराला घेऊन काकांकडे गेलो. काकांनी रिव्हॉल्व्हरविषयी काहीच विचारले नाही. म्हणाले, "हात दाखव."

त्यांनी मनगट दाबले. दुखले नाही. अंगठ्याचे मूळ दाबले. तिथेही फारसे नाही. मग मधल्या बोटाच्या मधल्या सांध्यावर वरून बोट टेकवले मात्र, पोरगा उडालाच. सांधा सुजलेला होता आणि वर काळसर घट्टा पडला होता.

"हा धक्का मनगटाचा नाही रे. हे चापाचं कडं बोटावर आपटतंय."

आम्हाला समजेना. काकांनी समजावले ते असे. रिव्हॉल्व्हरच्या चापाभोवती एक लोखंडी कडे असते. त्या कड्याच्या मागे, मुठीच्या वरच्या बाजूला, बऱ्याच जुन्या पद्धतीच्या हत्यारांत एक पोकळ जागा राहते. हातातले मधले बोट त्या पोकळीत जाते. गोळी सुटली की हत्यार मागे येते आणि वर उसळते, तसे ते कडे बोटाच्या सांध्यावर टोला देते. एकदा मारले तर काही वाटत नाही. दिवसाला साठ वेळा, आठवडाभर, त्याच जागी मारले तर हात आपोआप सावध होतो. गोळी सुटायच्या आधीच मूठ आवळली जाते आणि निशाण हलते. गुण घटण्याचे कारण माणूस 'मोठे माप' समजतो आणि खरे कारण असते अर्ध्या इंचाची पोकळी.

"पण काका, मग लहान मापाचं, हलकं घेतलं तर टोला कमी बसेल ना?"

काका म्हणाले, "लहान मापाचं घे. हलकं घेऊ नको."

इथे आमचे कान टवकारले, कारण पुढचे सगळे हिशेबाचे होते. काका चौथी पास, पण जमाखर्च पक्का. गोळीचे वजन गुणिले तिचा वेग एवढी रक्कम पुढे जाते. तेवढीच रक्कम मागे हत्याराच्या खात्यावर पडते, अधिक बंदुकीच्या दारूचा वायू पुढे जातो त्याची थोडी भर. दोन्ही बाजू जुळल्याच पाहिजेत, इथे उधारी नाही. आता मागे आलेली रक्कम हत्याराच्या वजनाने भागायची, की हत्यार किती वेगाने तुमच्या तळव्यावर येते ते कळते. वजन अर्धे केले की वेग दुप्पट होतो. काडतूस तेच, गोळी तीच, पण एक किलोच्या हत्यारापेक्षा अर्ध्या किलोचे हत्यार दुप्पट वेगाने हातात आदळणार. हलके ते सोयीचे, हे पिशवीच्या बाबतीत खरे असेल. इथे उलटे आहे.

काकांचे म्हणणे आम्ही नियमांवर ताडून पाहिले, आणि तिथे तर त्याचा चोख पुरावा मिळाला. २५ मीटर सेंटर-फायर पिस्तूल नावाचा जो आंतरराष्ट्रीय प्रकार आहे, त्यात ७.६२ ते ९.६५ मिलिमीटर मापाची हत्यारे चालतात. म्हणजे .३२ ही बसते आणि .३८ ही. त्या नियमांत हत्याराचे वजन जास्तीत जास्त १४०० ग्रॅम असावे असे आहे. कमीत कमी किती, याची अट नाही. वरची मर्यादा का घालावी लागली? जो तो जड हत्याराकडेच धावणार म्हणून. हलक्याची बंदी करायची गरजच नाही, ते कोणी आणतच नाही.

कानपूरच्या त्या पाचशे ग्रॅमच्या रिव्हॉल्व्हरचे नाव 'निर्भीक'. २०१४ च्या जानेवारीत आले. दिल्लीच्या २०१२ च्या घटनेनंतर महिलांच्या स्वसंरक्षणासाठी म्हणून काढले होते, तेव्हाची किंमत सव्वा लाखाच्या घरात. पर्समध्ये मावावे, रोज बाळगता यावे, म्हणून हलका मिश्रधातू वापरला. त्यानंतर २०२३ मध्ये 'प्रबल' आले, सातशे ग्रॅमचे, ७६ मिलिमीटर नळीचे. ज्या कामासाठी ती बनवली त्या कामाबद्दल आम्ही बोलत नाही. पण बाळगण्याचे हत्यार आणि निशाणीवर साठ गोळ्या झाडण्याचे हत्यार यांत सायकल आणि हातगाडीइतका फरक आहे.

नळी आखूड असण्याचा दुसरा तोटा तर आम्ही कागदावर मांडून पाहिला. पुढची माशी आणि मागची खाच यांच्यातले अंतर नियमाने २२० मिलिमीटरपर्यंत चालते. नेम धरताना माशी एक मिलिमीटर बाजूला गेली, तर २५ मीटरवर गोळी साधारण ११४ मिलिमीटर बाजूला लागते. निशाणीवर दहाचे वर्तुळ ५० मिलिमीटर व्यासाचे आणि पुढचे प्रत्येक कडे २५ मिलिमीटर रुंद. म्हणजे तुम्हाला सहा गुण मिळाले. हेच अंतर आखूड हत्यारावर १२५ मिलिमीटर धरा. चूक तेवढीच, एक मिलिमीटर. गोळी २०० मिलिमीटर बाजूला, तीनच्या कडेवर. एका मिलिमीटरला तीन-चार गुण! हे आकडे अर्जदाराने आमच्या हातून कागद घेऊन दोनदा तपासले.

मग मोठे माप सुखाचे होऊच शकत नाही का? होते. या प्रश्नाचा कीस सर्वांत जास्त पाडला तो अमेरिकेतल्या नेमबाजांनी, कारण तिथे मोठ्या मापाच्या रिव्हॉल्व्हरची हौस दांडगी. १९७१ च्या 'डर्टी हॅरी' या सिनेमात क्लिंट ईस्टवुडच्या हातात .४४ मॅग्नम दाखवले. ते काडतूस १९५५ चे. गोळी सुमारे २४० ग्रेनची. ग्रेन हे वजन आपल्या सोनाराच्या गुंजेच्या निम्म्याहून थोडे जास्त. सिनेमा पाहून पुष्कळांनी ते हत्यार घेतले आणि एक डबा काडतुसे झाडून कपाटात ठेवून दिले. .३८ च्या निशाणबाजीच्या सौम्य काडतुसाशी तुलना केली तर धक्क्याची ऊर्जा साधारण दहापट भरते. ज्यांना ते हत्यार ठेवायचे होते आणि हातही सांभाळायचा होता, त्यांनी साधा मार्ग काढला. त्याच चक्रीत .४४ स्पेशल नावाचे जुने, सौम्य काडतूस घालायचे. त्याची पुंगळी आखूड, म्हणून ते बसते. जड हत्यार, मोठे भोक, मवाळ काडतूस. तसेच .३५७ मॅग्नमच्या रिव्हॉल्व्हरमध्ये .३८ स्पेशल चालते. उलट मात्र चालत नाही, आणि चालवूही नये. लांब काडतूस जुन्या चक्रीत बसू नये म्हणून तर पुंगळी मुद्दाम लांब केली.

जाता जाता एक गंमत. हे .३८ स्पेशल खरे .३८ नाहीच, गोळी ०.३५७ इंचाची असते. आणि .४४ ची गोळी ०.४२९ इंच. आमच्या ऑफिसात असे आकडे लिहिले असते तर ऑडिटरने वही तोंडावर फेकली असती.

स्पर्धेतल्या लोकांनी शेवटी मोठ्या मापाचा हट्टच सोडला. नियमात .३८ बसत असूनही पुष्कळजण .३२ कडे वळले, १८९६ सालच्या त्या जुन्या लांब पुंगळीच्या .३२ काडतुसाकडे. त्यात गोळी सुमारे शंभर ग्रेनची, .३८ मध्ये १४८ ग्रेनची. गोळीचे तोंड टोकदार नसून सपाट असते. त्यामुळे कागदाला ऑफिसच्या पंचिंग मशीनसारखे गोल, स्वच्छ भोक पडते आणि गुणांवरून भांडण होत नाही. आपल्या जसपाल राणा यांनी याच सेंटर-फायर प्रकारात १९९४ मध्ये हिरोशिमाला आशियाई सुवर्णपदक घेतले, आणि २००६ मध्ये दोहाला सहाशेपैकी ५९० गुण करून जागतिक विक्रमाची बरोबरी केली. पुढे मनू भाकरचे प्रशिक्षक म्हणून ते घराघरात पोचले. साठ गोळ्यांत फक्त दहा गुण गमावायचे, तेही एका हाताने हत्यार धरून! दुसरा हात लावायला परवानगी नाही. अशा ठिकाणी कोण हातावर विनाकारण टोले घेईल?

आता मुठीकडे येऊ, कारण खरा गुंता तिथेच होता. काकांनी घरातून कणकेचा गोळा मागवला. काकू पोळ्या लाटत होत्या, त्यांनी कुरकुर करून दिला. काकांनी पोराला तो गोळा हत्यार धरल्यासारखा मुठीत दाबायला सांगितला. मूठ उघडली तर कणकेवर हाताचा ठसा. काकांनी दाखवले, तळव्याचा खळगा इथे, बोटांच्या खाचा इथे, आणि अंगठा व तर्जनीच्या बेचक्यापासून तर्जनीच्या पहिल्या पेरापर्यंतचे अंतर एवढे. हे शेवटचे अंतर सर्वांत महत्त्वाचे. चापावर बोटाचे पहिले पेर सपाट टेकले पाहिजे. हात लहान आणि हत्यार मोठे असले, तर माणूस चापापर्यंत पोचण्यासाठी हात बाजूला फिरवून धरतो. मग धक्का मनगटाच्या रेषेत न जाता अंगठ्याच्या सांध्यावर जातो. उलट हात मोठा आणि मूठ बारीक असेल तर बोटे एकमेकांवर चढतात, हत्यार हातात फिरते आणि कडे बोटावर येते. आमच्या अर्जदाराचा हात वडिलांसारखा, हमालाचा. मूठ त्याला लहान होती. हत्यार मोठे नव्हतेच!

मुठीचा हा शोध शंभर-सव्वाशे वर्षे चालू आहे. इंग्लंडात बिस्ली या गावी १८९० पासून नेमबाजीचे मोठे मैदान आहे. तिथल्या स्पर्धांसाठी अमेरिकेच्या कोल्ट कंपनीने १८९४ मध्ये एक रिव्हॉल्व्हर काढले, त्याचे नावही 'बिस्ली'च. जुन्या गुराखी पद्धतीच्या हत्याराची मूठ वाकडी होती. धक्का बसला की हत्यार हातात वर सरके, टोला कमी लागे, पण प्रत्येक गोळीनंतर पकड नव्याने घ्यावी लागे. 'बिस्ली'ची मूठ उंच चढवली आणि कमी वाकवली, म्हणजे हात वर, नळीच्या जवळ बसतो. रिव्हॉल्व्हरची नळी मुळात मुठीपेक्षा उंच असते, खाली सहा घरांची चक्री मावायची असते ना. हात जितका खाली, तितके हत्यार जास्त उसळते. म्हणून पकड उंच घ्यावी, हा साधा नियम. आजचे स्पर्धक तर अक्रोडाच्या लाकडाची मूठ आपल्या हाताच्या मापाने घासून घेतात, खाली तळव्याला टेकू देतात, आणि कुठे पोकळ वाटले तर लाकडाचा लगदा भरतात. मनगटाला आधार देणारी मूठ मात्र नियमबाह्य.

आमच्या पोराला एवढे सगळे करायचे नव्हते. हत्यार सरकारी. त्याला पतरवेल ठोकायलाही परवानगी लागते. काकांनी त्याला एक रबराचा तुकडा कापून दाखवला. कड्यामागच्या पोकळीत बसेल असा, चिंचोक्यापेक्षा थोडा मोठा. "उस्तादांना दाखव. शस्त्रागारवाल्यांनी हो म्हटलं तरच लाव, नाहीतर नको." दुसरी गोष्ट त्यांनी सांगितली ती अशी : "उस्तादांना सांग, चक्रीत चार जिवंत काडतुसं आणि दोन रिकाम्या पुंगळ्या घाला, आणि मला न दाखवता फिरवून द्या."

पोलीस रेंज म्हणजे काही सारसबाग नव्हे, आम्हाला तिथे कोण सोडणार! पुढचे आम्ही पोराच्याच तोंडून ऐकले. उस्ताद भला माणूस. त्याने रबर पाहिले, वरिष्ठांना विचारले, आणि दोन दिवसांनी बसवून दिले. मग पुंगळ्यांचा प्रयोग. पहिली गोळी सुटली. दुसरी सुटली. तिसऱ्या वेळी घोडा रिकाम्या पुंगळीवर पडला, नुसती 'टक्' झाली, आणि सगळ्यांच्या देखत नळी बोटभर खाली गेली. धक्का नाही, आवाज नाही, तरी हात आपला दचकून खाली! पोरगा म्हणाला, "साहेब, एवढी लाज मला भरतीत नापास झालो तेव्हाही वाटली नव्हती." हत्यार बदलले असते, दीड लाखाचे आणले असते, तरी हा दचका त्याच्याबरोबर गेला असता.

दचका जायला पैसे लागत नाहीत, वेळ लागतो. रिकाम्या हत्यारावर रोज पन्नास वेळा नुसता चाप ओढायचा, तोही रेंजवर, उस्तादासमोर. आणि आठवड्यातून दोन दिवस एअर पिस्तूल, ज्यात धक्का नावालाच. कानात बोळे आणि वरून कानटोप्या, दोन्ही. बंदुकीचा आवाज दीडशे डेसिबलच्या वर जातो. हात जेवढा धक्क्याला भितो तेवढाच कानाच्या धसक्यानेही भितो, हे काका चाळीस वर्षांच्या अनुभवाने सांगतात. स्वतः ते आता डाव्या कानाने ऐकत नाहीत. त्यांच्या काळी कापूसच होता.

आणखी एक गोष्ट त्यांनी घरातल्या बायांना उद्देशून सांगितली, ती आम्ही इथे मुद्दाम देतो. रिव्हॉल्व्हरमध्ये चक्री आणि नळी यांच्यात बारीक फट असते. तिथून गरम वायू आणि शिशाचे कण बाजूला उडतात. म्हणून त्या फटीपुढे बोट कधी न्यायचे नाही. आणि रेंजवरून आलेल्या माणसाने हात-तोंड साबणाने धुतल्याशिवाय लेकराला उचलायचे नाही, जेवायला बसायचे नाही. तो शर्ट वेगळा धुवावा. शिसे लहान मुलांच्या अंगी फार वाईट.

राहिला चाप. तोही सोयीचाच भाग आहे. रिव्हॉल्व्हरचा घोडा अंगठ्याने आधी मागे ओढून ठेवला, तर चाप अगदी थोड्या जोरात सुटतो. न ओढता थेट चाप ओढला तर कितीतरी जास्त जोर लागतो आणि नळी हलते. स्पर्धेत चापाला किमान एक किलोचा भार पेलता आला पाहिजे, असा नियम आहे. किराणावाल्याची एक किलो डाळीची पिशवी बोटावर टांगा, म्हणजे अंदाज येईल. स्पर्धेच्या दुसऱ्या भागात निशाणी तीन सेकंद दिसते आणि सात सेकंद झाकलेली राहते. त्या सात सेकंदांत घोडा ओढायला भरपूर वेळ मिळतो. त्यामुळे या प्रकारात रिव्हॉल्व्हर फार काळ पिस्तुलाशी टक्कर देऊ शकले.

पंधरा दिवसांनी पुन्हा सभा. आम्ही वरचा सगळा हिशेब मांडला. कायद्याची बाजूही सांगितली. १९५९ च्या शस्त्र कायद्याप्रमाणे आधी परवाना, मग खरेदी. २०१६ च्या नियमांप्रमाणे घरी सुरक्षित ठेवण्याची सोय हवी. अर्जदाराकडे अजून परवाना नव्हताच, त्यामुळे कर्ज मंजूर झाले असते तरी रक्कम देता आली नसती. एक संचालक म्हणाले, "मग आम्हाला पंधरा दिवस कशाला थांबवलंत? पहिल्याच दिवशी नामंजूर केलं असतं." त्यांचे म्हणणे नियमाला धरून होते. पण नामंजूर केले असते तर पोराने दुसरीकडून, चार टक्के महिन्याने, पैसे उचलले असते. त्याच्या डोक्यात 'सोयीचं हत्यार' बसले होते. ते आमच्या शिक्क्याने निघाले नसते.

तो स्वतःच उठला आणि अर्ज मागे घेतला. इतिवृत्तात तशी नोंद आहे. दाराशी त्याची बायको उभी होती. यावेळी ती आत आली, मागच्या बाकावर बसली.

जानेवारीत निवड झाली. तीस गोळ्यांत त्याचे दोनशे सत्तावन्न गुण झाले. संघात शेवटचा जो आला त्याचे दोनशे साठ. आमचा पोरगा पहिला राखीव. घरी आल्यावर त्याने आम्हाला मधले बोट दाखवले. सूज उतरली होती, काळा घट्टा मात्र तसाच. निशाणीचा कागदही आणला होता. सगळी भोके डावीकडे, खाली, एका वाटीएवढ्या जागेत गोळा झालेली. आम्हाला वाटले, एकही मधे नाही म्हणजे वाईट. काकांनी कागद उजेडाला धरला आणि म्हणाले, "एका जागी आहेत ना? मग ती जागा सरकवता येते. विखुरलेली असती तर मी काहीच करू शकलो नसतो." आणि काकूंना हाक मारून पुन्हा कणीक मागितली.